मातीत काय घालू हा प्रश्न नंतरचा, आधी पाणी कुठं जातंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की नव्या जागेत बाग करायची आहे, माती ओली असली की पायाला चिकटते आणि वाळली की भेगा पडतात, अर्ध्या जागेत झाडं लावून झालीत आणि त्यांची पानं पिवळी पडायला लागलीत, उरलेली अर्धी जागा मोकळी आहे, आणि आता कोणी म्हणतंय वाळू टाका, कोणी म्हणतंय जिप्सम, कोणी म्हणतंय शेणखताचा जाड थर द्या. तर काय घालू आणि किती घालू?

माझं उत्तर, सध्या काहीच घालू नका. बरीच वर्षं मी हेच काम करते आणि "आमची माती खराब आहे" म्हणून जिथं जिथं बघायला गेले त्यातल्या बहुतेक ठिकाणी मातीत अन्न कमी नव्हतं, हवा कमी होती. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो. घनफळाने बघितलं तर साधारण ४५ टक्के खनिज कण, ५ टक्क्यांपर्यंत सेंद्रिय पदार्थ, आणि उरलेली जागा पाणी आणि हवा यांची, पाणी दिलं की पाणी वाढतं, निचरा झाला की त्या जागी हवा शिरते. मुळं श्वास घेतात, त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि ती पोकळी दाबली गेली की मातीत सगळं असूनही मुळांना ते उचलता येत नाही, मग पानं पिवळी पडतात, आणि पिवळं पान बघून माणूस अजून खत घालतो आणि अजून पाणी देतो. हे चक्र मी इतक्या वेळा बघितलंय की कोणी पिवळ्या पानाचा फोटो दाखवला तरी माझा पहिला प्रश्न हाच असतो, पाणी दिल्यावर ते किती वेळात जिरतं?

तर ते मोजा. मोकळ्या भागात ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, रात्रभर लागली तरी चालेल. मग परत भरा, आत एक काठी उभी करा आणि दर तासाला पातळी किती उतरली ते बघा. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते म्हणून मोजायचं ते दुसरं. तासाला २.५ ते ८ सेंमी उतरत असेल तर निचरा ठीक आहे. १ सेंमीपण उतरत नसेल तर तिथं कुठलंही खत घालून उपयोग नाही, आधी वाफा उंच करायला लागेल किंवा पाण्याला वाट काढून द्यायला लागेल. आणि भराभर जिरत असेल तर माती वाळूची आहे, तिचं दुखणं वेगळं.

हा खड्डा खणतानाच अर्धी तपासणी होते, फक्त घाईत खणू नका. कडेने सरळ कापून बाजूची भिंत नीट बघा. वरून खाली रंग कुठं बदलतो, मुळं कुठपर्यंत गेलीत, आणि कुठं अडकून आडवी वळलीत का. एका ठराविक खोलीवर कुदळ टणकन अडकत असेल तर तिथं दाबलेला थर आहे. नवीन बांधकामाच्या जागेत हे फार दिसतं, वरची चांगली माती खरवडून नेलेली असते, खालची माती वर पसरलेली असते, आणि त्यावरून अवजड गाड्या फिरलेल्या असतात. मूठभर माती नाकाशी धरा. जिवंत मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो, तो जीवाणूंचा असतो. करडी निळसर माती आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे तिथं हवा नाहीच, पाणी साचून राहतं. सिमेंटचे, प्लास्टरचे तुकडे सापडले तर वेचून बाहेर काढा, त्यांच्यामुळे आजूबाजूच्या मातीचा पीएच, म्हणजे माती आम्ल आहे की अल्क ते सांगणारा आकडा, वर जातो.

मातीचा पोत हातानेच कळतो. मूठभर माती ओली करून कणकेसारखी मळा, मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत दाबत तिची पट्टी पुढे ढकला. पट्टी होतच नसेल तर वाळू जास्त. २.५ सेंमीच्या आत तुटली तर हलकी पोयट्याची माती, ५ सेंमीपर्यंत गेली तर मध्यम भारी, त्याच्याही पुढे लांबत गेली तर अस्सल चिकणमाती. खात्री करायची असेल तर काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर भांड्याची पावडर घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू एका मिनिटात खाली बसते, गाळ दोनेक तासात, चिकण कण बसायला एक-दोन दिवस लागतात, मग थर पट्टीने मोजता येतात.

पण पोतापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती ढेकळाची टेस्ट, आणि ती कोणी करत नाही. आवळ्याएवढं पूर्ण वाळलेलं ढेकूळ ग्लासभर पाण्यात हळूच सोडा आणि बघत बसा. चांगल्या मातीचं ढेकूळ बराच वेळ तसंच राहतं, थोडे बुडबुडे येतात, पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं. वाईट स्थितीतल्या मातीचं ढेकूळ एक-दोन मिनिटांतच कोसळून पीठ होतं. पाऊस पडल्यावर तुमच्या वाफ्यात हेच होतं, कण सुटतात, बारीक चिखल पोकळ्यांमध्ये जाऊन बसतो आणि वाळला की वर पापडी धरते. कणांना एकत्र धरून ठेवायचं काम मुळं, बुरशीचे धागे आणि जीवाणूंचे चिकट स्राव करतात. म्हणून नुसती चिकणमाती आहे म्हणून निराश होऊ नका. चिकणमाती धरून ठेवते, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, अमोनियम हे सगळे तिच्या कणांना चिकटून राहतात, वाळूच्या मातीत तेच पाण्याबरोबर वाहून जातं. चिकणमातीची रचना सुधारली तर तिच्यासारखी माती नाही, हे मी मनापासून सांगते.

आता वाळूचं. टाकू नका. हा सल्ला इतका पसरलाय की विचारू नका. चिकणमातीचा स्वभाव बदलायला एकूण मातीच्या निम्म्याच्या आसपास वाळू लागते, म्हणजे २० सेंमी खोलीच्या वाफ्याला १० सेंमीहून जास्त जाडीचा थर आणि तोही एकजीव मिसळलेला. कोणीच एवढी टाकत नाही, चार घमेली टाकतात, आणि मग चिकण कण वाळूच्या दाण्यांमधल्या फटी भरून टाकतात आणि आधीपेक्षा टणक माती तयार होते. खड्ड्याच्या तळाला खडी घालण्याचंही तसंच. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते सीमेवरच थांबतं, म्हणजे चिखल खाली जायच्या ऐवजी मुळांच्या अजून जवळ येतो. कुंडीतसुद्धा हाच नियम आहे.

जिप्सम हे औषध आहे पण एकाच रोगाचं. मातीत सोडियम जास्त असेल, म्हणजे चोपण माती, पीएच बहुतेक वेळा ८.५ च्या वर, तर जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकतं आणि मग तो सोडियम पाण्याने धुऊन खाली न्यायचा असतो, त्यामुळे निचरा नसेल तर तिथंही काम अर्धवट. साध्या दाबलेल्या मातीवर जिप्समचा उपयोग जवळजवळ नाही. चोपण आहे का नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, माती परीक्षणाचा रिपोर्ट काढा.

रिपोर्ट एकदा काढाच, पण नमुना नीट घ्या नाहीतर आकडे खोटे येतात. खत घातल्यावर लगेच घ्यायचा नाही. वरचा पालापाचोळा बाजूला करून ८-१० ठिकाणांहून १५ ते २० सेंमी खोलीपर्यंतची माती प्लास्टिकच्या बादलीत घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो द्या. झाडं पिवळी पडलीत तो भाग आणि मोकळा भाग यांचे नमुने वेगवेगळे, एकत्र केलेत तर दोघांचंही काही कळणार नाही. रिपोर्टात चार गोष्टी बघायच्या, पीएच, ईसी म्हणजे क्षार, सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस. नत्राचा आकडा आज एक उद्या एक असतो, त्यावर फार विसंबू नका.

पीएच ६ ते ७ च्या मध्ये असेल तर बहुतेक झाडं खूश असतात, ७.५ पर्यंतही बरीच चालवून घेतात. हा आकडा सरळ पायरीने वाढत नाही हे लक्षात ठेवा, ६ पेक्षा ५ म्हणजे दहापट आम्ल. आम्ल माती चुन्याने वर आणता येते, पण रिपोर्टात सांगितलेल्या मात्रेने, आणि चुलीची राख पीएच वाढवते म्हणून आधीच पीएच जास्त असलेल्या मातीत ती घालू नका. उलट दिशेला जाणं अवघड. गंधक घातलं तर जीवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला काही महिने जातात, माती गरम आणि ओलसर लागते. आणि मातीत मोकळा चुना असेल तर घातलेलं सगळं आम्ल तो चुना गिळून टाकतो. मातीवर थोडं व्हिनेगर टाका, फसफसली तर चुना भरपूर आहे. अशा जागी पीएच खाली आणण्याच्या नादी न लागता त्या मातीत रमणारी झाडं निवडा, पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतं.

मोकळ्या जागेचं आता नक्की काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून गोळा करा, बोटाने टिचकी मारल्यावर गोळा फुटून भुसभुशीत झाला तर काम सुरू करा, नुसता चेपला आणि बोटाची खूण राहिली तर थांबा. ओल्या चिकणमातीत एक दिवस केलेलं खणकाम पुढचं अख्खं वर्ष त्रास देतं. दाबलेला थर असेल तर एकदाच खोल सैल करा, माती उलटीपालटी न करता, दातेरी फावडं खुपसून मागे झुकवून मोकळी करायची एवढंच. मग वर ३ ते ५ सेंमी कुजलेलं कंपोस्ट पसरून वरच्या १५-२० सेंमीमध्ये मिसळा. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर १ सेंमी थर म्हणजे १० लिटर, म्हणजे १० चौरस मीटरच्या वाफ्याला ४ सेंमी थर द्यायचा तर ४०० लिटर. यापेक्षा जास्त घालू नका, आणि एवढा थर दरवर्षी तर मुळीच नाही. शेणखत आणि कंपोस्टमधून स्फुरद साठत जातं, ते धुऊन जात नाही, आणि फार झालं की झाडाला लोह आणि जस्त मिळेनासं होतं, मुळांशी भागीदारी करणारी बुरशीपण मागे हटते. जुन्या, लाडाने खत घातलेल्या बागांमध्ये रिपोर्टात स्फुरदाचा आकडा गरजेच्या कितीतरी वर गेलेला मी बघितलाय आणि मालक विचारत असतात की अजून कुठलं खत घालू.

पहिल्या वर्षानंतर खणणं बंद. दर हंगामाला कुदळ घालून माती उलटली की बुरशीचे धागे तुटतात, सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळून जातो, आणि दोन पावसात माती परत बसते. त्याऐवजी दरवर्षी १-२ सेंमी कंपोस्ट वरून पसरा, गांडुळं ते खाली नेतात. घाई नसेल तर लावणीच्या आधी एक हंगाम ताग किंवा चवळी पेरून फुलावर यायच्या सुमारास कापून तिथंच अंथरा, मुळं जमिनीतच ठेवा. मुळांनी केलेल्या वाटा कुठल्याही कुदळीपेक्षा चांगल्या. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांना मी नेहमी हेच सुचवते.

कंपोस्ट विकत आणत असाल तर आंधळेपणाने ओतू नका. हात घालून बघा, आत गरम असेल किंवा अमोनियाचा झणका येत असेल तर ते अजून कुजतंय. अर्धवट कुजलेल्या शेणखतात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, असायची शक्यता पण मोठी. खायच्या भाज्या लावणार असाल तर कच्चं शेण आणि काढणी यांच्यामध्ये पुरेसं अंतर हवं, अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत खायचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस आणि लागत नसेल तर ९० दिवस असं आहे, ते कुठंही पाळण्यासारखं आहे. भुसा किंवा लाकडाचा चुरा मातीत मिसळू नका, त्यात कर्ब नत्राच्या कित्येक शे पट असतो, तो कुजवायला जीवाणू मातीतलं नत्र उचलतात आणि झाडं उपाशी राहतात. तोच चुरा वर आच्छादन म्हणून अंथरला तर काही बिघडत नाही. आणखी एक, काही तणनाशकं, क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड, ही गवतातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणातून कंपोस्टपर्यंत टिकून राहतात. म्हणून नवीन कंपोस्टमध्ये साधी माती मिसळून तीन कुंड्यांत आणि नुसत्या मातीच्या तीन कुंड्यांत घेवडा किंवा वाटाणा पेरा, दोन-तीन आठवडे बघा. कंपोस्टवाल्या रोपांची पानं वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला तर ते कंपोस्ट बागेत न्यायचं नाही.

हे सगळं वाफ्याबद्दल झालं. मोठ्या झाडांचा खड्डा ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथं बहुतेक लोक माझ्याशी वाद घालतात. झाडाच्या खड्ड्यात कंपोस्ट, कोकोपीट, वाळू असलं मिश्रण भरू नका, जी माती निघाली तीच परत भरा. मागे एका बागेत लावून दोन वर्षं झालेलं आणि वाढच थांबलेलं झाड आम्ही उपटून बघितलं. फार जोर लावायलाच लागला नाही, मुळांचा गोळा अख्खा सुटून वर आला. आत काळी मऊ माती, तिच्यात मुळं गोल गोल फिरलेली, एकही मूळ बाहेर गेलेलं नाही, आणि खड्ड्याची भिंत अशी गुळगुळीत चकाकणारी की कुदळीच्या पात्याचे पट्टे अजून दिसत होते, तळाला बोटभर पाणी आणि तो सडका वास. चिकणमातीत असा मऊ भरलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बिनभोकाची कुंडी, आजूबाजूचं पाणी तिथंच येऊन साठतं आणि मुळांना बाहेरच्या कडक मातीत जायचं कारणच उरत नाही. म्हणून खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद पण गोळ्याएवढाच खोल, भिंती खुरप्याने खरवडून खडबडीत केलेल्या, आणि खोड जिथं पसरून मुळं सुरू होतात ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे. निचरा फारच वाईट असेल तर झाड थोडं उंचवट्यावर लावा.

आता लावून झालेल्या झाडांकडे येऊ. आधी बुंध्याशी माती बाजूला करून बघा, खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत शिरत असेल तर झाड खोल लावलं गेलंय. लावून थोडेच महिने झाले असतील तर वाफसा असताना उचलून वर लावा, हे काम पुढे ढकलू नका. मग १० सेंमी खोल बोट किंवा काडी घालून ओल बघा, मुळांच्या गोळ्यात वेगळी आणि बाहेर वेगळी, कारण नर्सरीतला गोळा कोरडा आणि बाहेर चिखल असं पण असतं किंवा बरोबर उलट पण. काडी चिकट ओली निघत असेल तर पाणी बंद, ठरलेल्या वेळेला पाणी द्यायची सवय मोडा. आळ्यात पाणी साठून राहत असेल तर आळं एका बाजूने फोडून चर काढा.

पान नीट वाचा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी. जुन्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम. नवीन शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोह, आणि ते बहुतेक वेळा मातीत असतंच, पीएच जास्त असल्याने किंवा मुळं गुदमरल्याने मिळत नाही. माती ओली असताना झाड माना टाकत असेल आणि सगळंच फिकट असेल तर मुळं बुडालीत. यातल्या एकाच गोष्टीला एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट लागतं, आणि तेही रिपोर्टात मॅग्नेशियम कमी असेल तर, नाहीतर ते कॅल्शियम आणि पालाशच्या वाटेत येतं.

लावलेल्या झाडांभोवती खणू नका, अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या ३० सेंमीमध्येच असतात आणि खणणं म्हणजे ती तोडणं. वरून कंपोस्टचा पातळ थर आणि त्यावर ५ ते ८ सेंमी पालापाचोळा किंवा लाकडाचा चुरा, बुंध्यापासून चार बोटं लांब. निचरा सुधारेपर्यंत थर पातळच ठेवा. मातीवर उन्हाचा आणि पावसाच्या थेंबांचा मार थांबला की पापडी धरणं थांबतं, खाली ओल टिकते, गांडुळं वर येतात, आणि एक-दोन वर्षांत तीच ढेकळाची टेस्ट परत करून बघा. आणि वाफ्यात पाय ठेवणं बंद करा, हे फुकटचं काम आहे तरी सगळ्यात जास्त चुकतं. दाब बसतो तो मुख्यतः पहिल्याच फेरीत, म्हणून वाटा कायमच्या ठरवा आणि वाफा १२० सेंमीपेक्षा रुंद करू नका म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो.

खत रिपोर्ट येईपर्यंत थांबू द्या. आणि झालेली पिवळी पानं परत हिरवी होतील अशी वाट बघत बसू नका, बरीचशी गळून जातील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाणी सुधारल्यानंतर जी नवीन पानं येतील त्यांचा रंग आणि आकार बघा, ती नीट आली तर बाकी काही करायची गरज नाही, आणि तीसुद्धा पिवळीच आली तर रिपोर्टातला पीएच आधी बघा.